शिवहारची रजा

शिवहार केसपेपर काढून आला, तसं बाकावरच्या शिलानं तिसऱ्यांदा विचारलं, "रजा टाकली ना?"

"टाकली म्हणलं ना. आठ दिसांची," शिवहार म्हणाला.

शिलाचा जीव भांड्यात पडला. शिरड शहापूरची आशा सेविका ती, गावाच्या आरोग्याचं काम बघणारी. अख्ख्या गावाला हाताला धरून तिनं हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं होतं, पण घरचा माणूस काही हलत नव्हता. कॉलेजातली कारकुनी नवऱ्याला आतून पोखरतेय, हे तिनं महिन्यापूर्वीच ताडलं होतं. तिच्या नजरेतून कुणाचं दुखणं सुटत नसे. परवा तोच आपण होऊन म्हणाला, "चल, डॉक्टरला दाखवून येऊ." माणूस हातचा जाईल, या धास्तीनं तिनं लगेच होकार दिला.

आत डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोप कशी आहे?"

शिवहार तोंड उघडेपर्यंत थांबायला शिलाला वेळ कुठला! "झोप कुठली, मॅडम? तीनला बघते, चारला बघते, हे आपले डोळे मिटून पडलेले. आत इचार चालू असतेल."

"जेवण?"

"ध्यान कुणाचं हाय जेवणात? भाकर ताटात वाळून जाती."

"चिडचिड?"

"आवाज चढल्याबिगर आमच्या घरी दिवस मावळत न्हाई. लेकरं बिचारी कोपऱ्यात बसून राहतेत."

शिवहारनं मान खाली घातली. बिचारा शरमला, असं शिलाला वाटलं आणि तिला त्याची कणव आली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. लसीकरणाचे आकडे सांगून तिनं तो ठेवला, तर पुन्हा वाजला. डॉक्टरबाई लिहीत राहिल्या.

"कामाचा ताण अंगात मुरलाय," त्या म्हणाल्या. "आठ दिवस पूर्ण विश्रांती. काम नाही, फोन नाही. ऐकलं नाही तर अंथरूण धरायची वेळ येईल."

"ऐकलं का?" शिलानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "मी बोलले की कटकट वाटती." दुखण्याची नस बराबर सापडली होती, आणि तीही तिच्यामुळे.

डॉक्टरबाईंनी कागद शिवहारपुढे सरकवला. "शिलाताईंच्या हाती आठ दिवस फोन देऊ नका. स्वयंपाक, मुलं, सगळं एकट्याला जमेल?"

"जमंल, मॅडम," शिवहार म्हणाला. "रजा त्याच्यासाठीच काढली."