पांढऱ्या सुताचं नाव

“याच्यावर माऊलीचं नाव काढून दे मला,” म्हणत सगुणाबाईनं विंझणा सुनेपुढं सरकवला. बांबूच्या कडीवर कापड ताणून केलेला हा हातपंखा. असे विंझणे करण्यात अख्ख्या केदारखेड्यात म्हातारीचा हात धरणारं कोणी नव्हतं. अक्षर तेवढं तिला येत नव्हतं.

दैवशालेनं दात-ओठ खात कापडावर पेन्सिलीनं नवऱ्याचं नाव काढलं. नऊ वर्षांपूर्वी हा माऊली बायकोला आणि आईला वाऱ्यावर सोडून पुण्याला गेला, तो गेलाच. म्हातारीची आजारपणं दैवशालेनं काढली, कपाशी तिनंच पेरली. आणि आता त्याचा फोन आला होता. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चांगला आहे, त्या दिवशी नव्या बायकोला घेऊन कायमचा घरी येतो. दैवशालेनं त्याआधी टेंभुर्णीला माहेरी निघून जावं.

सगुणाबाई सगळं ऐकून “बरं, ये” एवढंच म्हणाली होती. आई ती आईच, लेकाकडंच झुकणार, हे दैवशाला धरून चालली होती. पण या घरासाठी तिनं घाम गाळला होता. घालवायचंच असेल तर फरफटत न्यावं लागेल, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

“लाल लोकर आणू का, आत्याबाई?” तिनं खोचकपणे विचारलं.

“न्हाई. पांढरं सूतच बराबर हाये.”

म्हातारीला मोतीबिंदू. सुई ओवून द्यायलाही दैवशालाच लागायची. दुपारची वीज जायची, घर भट्टीसारखं तापायचं, सुई बोटात घुसायची, तरी म्हातारी टाके घालीतच बसलेली. मायेचा हा उमाळा पाहून दैवशाला सुई ओवता ओवता धुसफुसायची. लेक घाम पुसत येईल, माय त्याला वारा घालील आणि आपण टेंभुर्णीची एसटी बघायची!

सणाच्या आदल्या दिवशी सगुणाबाईनं कुंभाराकडून दोन घागरी आणवल्या. एरवी एकच यायची. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर द्यायची, शेजारच्या तातेरावांना पितर म्हणून जेवू घालायचं. सासरा वारल्यापासून हा रिवाज कधी चुकला नव्हता. दुसरी घागर नव्या सुनेच्या पाण्यासाठी असणार, हे दैवशालेनं ताडलं. आणताना तिनं ती घागर वाटेत आपटली नाही, हेच नवल.

सणाला पुरणपोळी झाली, आमरस झाला. तातेराव जेवून हात धुऊन बसले, तोच दारात रिक्षा थांबली. माऊली उतरला, मागोमाग ती बाई. दैवशाला पदर खोचून उंबऱ्यात उभी राहिली.

“आत्याबाई, मी काही जायची न्हाई,” मागं न बघता ती म्हणाली. “आधीच सांगून ठेवते.”

“तुला कोण जा म्हणून राह्यलंय? घागरी भरून आण जल्दी.”

दैवशालेचा नाइलाज झाला. सणासुदीला पितराचं काम अडवायचं कसं? ती आत वळली आणि माऊली तेवढ्यात ओसरीवर चढला. त्यानं आईच्या हातातला विंझणा पाहिला, त्यावरचं आपलं नाव वाचलं. त्याचा चेहरा खुलला. नऊ वर्षांनीही आईनं आठवण ठेवली म्हणून त्याला भरून आलं.

“माझ्यासाठी केलास व्हय, माय?”

“तुझ्याच नावाचा हाये.”

त्यानं हात पुढं केला. पण सगुणाबाई वळली आणि दैवशालेनं भरून आणलेल्या घागरी घेऊन तातेरावांसमोर बसली. पहिली घागर तिनं नवऱ्याच्या नावानं त्यांच्या हाती दिली. मग दुसरी पुढं ओढली, तिच्या तोंडावर विंझणा ठेवला आणि दोन्हीवर पळीभर पाणी सोडलं.

“तातेराव भावजी,” ती म्हणाली, “आन ही माझ्या माऊलीच्या नावानं.”