तीन थेंब, एक चिमूट

देवेंद्रच्या फोनमधली नोंद:
सकाळी फिशटँकच्या पाण्याचा पीएच ८.४. सात हवा. पीएच उतरवायच्या औषधाचे तीन थेंब टाकले. आणखी एक गप्पी मेला, आता चारच उरले.

कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलीने, त्याच्या बाबांची नोंद:
सांजेले बोट बुडवून पानी चाखलो. आंबट लागलं. गावच्या तळ्यात चाळीस वर्षं टाकलो, तसाच चिमूटभर चुना टाकलो. पोराले सांगतलो नाही. त्याले वाटते, काचेतल्या मासोळ्या वेगळ्या असतात.

मग दोघेही लग्नासाठी आठ दिवस आमगावला निघाले.
"रोज तीन थेंब. विसरजो नको," देवेंद्रने बायकोला, भाग्यश्रीला, बजावलं.
"पोरी, त्याले सांगू नको, पन सांजेले चुना टाकजो," सासरे दाराआडून कुजबुजले.

भाग्यश्रीची नोंद:
(तिने काही लिहिलं नाही. आठ दिवस मासोळ्यांना फक्त दाणे घातले.)

परत आले तेव्हा पीएच बरोबर सात होता आणि टँकमध्ये वीसेक पिल्लं सुळसुळत होती.
"पाह्य, औषधाचा गुण!" देवेंद्र ओरडला.
बाबांनी सुनेकडे बघून हळूच डोळा मिचकावला. "चुना टाकली ना?"
"हो जी," भाग्यश्री म्हणाली. दोघांनाही.



तेव्हापासून औषधाच्या बाटलीत साधं पाणी आहे आणि चुन्याच्या डबीत तांदळाचं पीठ.