गळ्याला हात

नातीच्या, ईश्वरीच्या गळ्यातलं इष्टलिंग दंडाला बांधलेलं दिसलं आणि बसवराजअप्पांनी हातातला तांब्या सुनेच्या तोंडावर भिरकावला. वर्षाराणीचा ओठ फुटला. तिनं पदरानं रक्त टिपलं आणि पोरीला उचलून दारातल्या जीपमध्ये बसवलं.

"लेकराच्या गळ्यातलं लिंग काढलंस? आपल्या घरात मेल्यावर बी कुणाचं काढलं न्हाई."

"काढलं न्हाई अप्पा, दंडाला बांधलंय. ऑपरेशनला गळा मोकळा पायजे."

सोमेश्वर, तिचा नवरा, आदल्या साली गळ्याच्या कॅन्सरनं गेला होता. सासूही गळा सुजूनच गेलेली. तेव्हा घरच्यांनी ते करणीवर ढकललं आणि मोकळे झाले. हा कॅन्सर आईबापाच्या रक्तातून येतो, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर वर्षाराणीनं पोरीचं रक्त तपासून घेतलं. दोष निघाला. पोर अजून धडधाकट होती. गाठ धरायच्या आत गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काढून टाकली, तर रोज एक गोळी खाऊन ती म्हातारी होणार होती. ॲडमिट करायला या, असा फोन काल आला, तोही दिराच्याच एसटीडी बूथवर. या दिरानं स्वतःचं रक्त तपासायला काही दिलं नव्हतं. मला काय धाड भरलीय, म्हणाला होता.

आता तोच, केदारनाथ, बूथ उघडा टाकून धावत आला.

"उड्या मारनाऱ्या पोरीचा गळा चिरायला नेतीस? दादाला खाल्लंस ते कमी पडलं का?"

त्यानं ईश्वरीचा हात धरून तिला खाली ओढायला सुरुवात केली. पोर किंचाळली. वर्षाराणी त्याच्या मनगटाला कडकडून चावली, तसं त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं जीपच्या दारावर आपटलं. ड्रायव्हर अंगद दुसरीकडं बघत राहिला. शेजारणी दारात आल्या, पण पायरी कुणी उतरली नाही. भाऊबंदकीत पडून शिव्या कोण खाणार?

"सोडा मला भावजी. पोर मरंल माझी."

"तूच मर आधी."

त्यानं दोन्ही हातांनी तिचा गळा आवळला. वर्षाराणीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. आपण इथंच मेलो तर हे लोक पोरीला दवाखान्याचं तोंडही दाखवणार नाहीत, एवढंच तिला कळत होतं. तिनंही हात वर नेले आणि मिळेल तिथं, म्हणजे त्याच्या गळ्यातच, नखं रोवली.

कंठाच्या घाटीच्या जरा डावीकडं तिच्या बोटाला कठीण लागलं. हरभऱ्याएवढं. ते बोटाखालून सरकलं आणि परत जागेवर आलं.

तिनं रोवलेली नखं काढून घेतली. हे तिला ओळखीचं होतं. सोमेश्वरच्या मानेला तेल लावताना पहिल्यांदा असंच लागलं होतं, आणि दोघं हसली होती. श्वास कोंडलेला असतानाही तिनं बोटाच्या पेरानं ती जागा चाचपली, हलक्या हातानं, दुखू नये म्हणून. केदारनाथला ते काही समजेना. मारापेक्षा त्याला त्या हलक्या बोटाचीच भीती वाटली, आणि त्याची पकड सुटली.

खोकून खोकून तिला आवाज फुटला. "भावजी, तुमाला बी हाय."

"काय हाय?"

"अप्पा, तुमी हात लावून बघा. माझ्यावर इस्वास ठेवू नका."

सोमेश्वरला शेवटची अंघोळ अप्पांनीच घातली होती, तेव्हा त्याच्या गळ्यातली गाठ त्यांच्या हाताला लागली होती. म्हातारा पुढं आला. त्यानं धाकट्याच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि ती तिथंच राहिली.

"अप्पा, कावून गप झालाव?"

म्हाताऱ्यानं परत तिथंच बोट दाबलं. केदारनाथनं बापाला असा धक्का दिला की म्हातारा ओट्याच्या कडेवर कोसळला आणि त्याचं कपाळ फुटलं. मग त्यानं रस्त्यावरचा धोंडा उचलून जीपच्या काचेवर घातला. ईश्वरी मागच्या सीटखाली शिरली.

इतका वेळ दाराआड उभी असलेली त्याची बायको शांता बाहेर आली. काखेत तिची लेक होती. रक्तानं भरलेल्या सासऱ्याकडं तिनं पाहिलं, पण थांबली नाही. काचा पदरानं झटकून तिनं लेकीला सीटवर बसवलं.

"अक्का, हिचं रक्त बी तिथंच घेत्यात ना?"

वर्षाराणीनं मान डोलावली.

"खाली उतरव तिला," केदारनाथ अंगावर धावून गेला.

शांता जागची हलली नाही. "तुमी बी बसा गाडीत. न्हाईतर मला बी मारा."

त्यानं हात उगारला. तो हात वरच थांबला, आणि मग खाली न येता हळूहळू त्याच्याच गळ्याकडं गेला.