शेजारचा रंग

“माझ्या गालावर हिरवा कुणी टाकला?”

हे इतक्या हळू विचारलं गेलं की दारातल्या दोन्ही पठ्ठ्यांनी बाह्या वर केल्या.

विचारणाऱ्याला लोक समोर वाघसाहेब म्हणत, पाठीमागे नुसतं वाघ. काहीही म्हटलं तरी खाणारच, हे माहीत असूनही. उद्या चौकात त्यांचा दुमजली फलक लागणार होता, आणि त्यावरचा चेहरा चितारीने कॉम्प्युटरवर रंगवला होता. आता पठ्ठ्यांपैकी जाडा चितारीच्या बोटांकडे बघत होता. भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघण्याआधी बघतात, तसा.

“साहेब, कातडी एका रंगाची नसते,” चितारी म्हणाला. घाबरला की तो पाठ केलेलं घडाघडा म्हणू लागायचा. “कपाळ पिवळसर. गाल, नाक, कान लाल, तिथे रक्त वर असतं. हनुवटी दाढीमुळे निळसर. आणि लालाच्या विरुद्ध हिरवा, म्हणून सावलीत चिमूटभर हिरवा…”

“चिमूटभर?” वाघसाहेबांनी फोनवरचं चित्र दोन बोटांनी ताणलं. गालाचं शेवाळ झालं.

स्वयंपाकघरातून चितारीच्या आईचा आवाज आला. “अरे, पाहुण्यांना चहा टाकू का?”

“थांब जरा,” चितारी म्हणाला. कप धरायला बोटं उरणार की नाही, ते आधी कळायला हवं होतं.

“बाहेर जा,” वाघसाहेब म्हणाले. पठ्ठे निघाले. त्यांच्या मागोमाग चितारीही निघाला.

“तू नाही.”

दार लागलं. वाघसाहेबांनी खुर्ची ओढली, चितारीच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“काय, साहेब?”

“मी घाबरलोय ते.”

चितारीला वाटलं, बोटं मोडली असती तरी परवडलं असतं. असलं काही ऐकलेला माणूस बोटांवर सुटत नाही.

“पुलापलीकडे नवा माणूस आलाय,” वाघसाहेब पुटपुटले. “पोरगाच आहे. परवा समोर आला आणि हसत हसत मला काका म्हणाला. तेव्हापासून घास उतरत नाही. बायकोला पत्ता लागू दिला नाही मी, आणि तू ती भीती गालावर काढून ठेवलीस?”

“आईशप्पथ साहेब, तो हिरवा तुमचा नाही. माझा आहे.”

मग त्याने सगळं ओकून टाकलं. साहेबांचा फोटो फ्लॅश मारून काढलेला होता, चेहरा ताटासारखा सपाट, सावलीचा पत्ता नाही. म्हणून त्याने खिडकीशी बसून स्वतःचा फोटो काढला आणि सावलीचा रंग आपल्याच गालावरून उचलला. “आणि तुमचं चित्र काढताना माझ्या गालात रक्त कुठून राहणार, साहेब?”

वाघसाहेबांनी चित्रातल्या गालावर बोट ठेवलं.

“घालव तो.”

चितारीने हिरव्यावर लाल चढवला. दोन्ही मिसळून गाल राखेच्या रंगाचा झाला. आता साहेब घाबरलेले दिसत नव्हते. वारलेले दिसत होते. वाघसाहेबांनी गुपचूप स्वतःची नाडी चाचपली.

“पुसतो, पुसतो,” चितारी घाईघाईने म्हणाला. “रंगावर रंग थापून भागत नाही, साहेब. रंग दिसतो तो शेजारच्या जिवावर. तुमच्या शेजारी याहून हिरवं काहीतरी ठेवलं, की हाच गाल लालबुंद वाटेल.”

“याहून हिरवं काय असतं?”

चितारी विचार करू लागला. झाड म्हणावं, पडदा म्हणावं. त्याने मान वर केली, तर वाघसाहेब त्याच्याकडेच बघत होते. लिलावात बैल पसंत पडल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी फलक लागला. लालबुंद वाघसाहेब छाती काढून उभे, आणि त्यांना खेटून एक किडकिडीत हिरवट इसम. हा कोण, कुणालाच कळेना. पुलापलीकडचा पोरगा म्हणे फलक बघून आल्या पावली परत गेला.

तेव्हापासून चितारीला कायमची नोकरी लागली. साहेब जातील तिथे त्यांच्या शेजारी उभं राहायचं. बाकी काही करायचं नाही. घ्यायला गाडी येई. आई शेजारणींना सांगे, “साहेबांचं पान हलत नाही हो त्याच्यावाचून.” जाडा पठ्ठ्या तर त्याला दादा म्हणू लागला, आणि चहात साखर किती तेही विचारू लागला.

एका सकाळी दाढी करताना चितारीचा हात थांबला. आरशातले गाल गुलाबी होते. सवयीने भीती मोडत चालली होती. म्हणजे नोकरी जाणार. आणि नोकरी गेली की त्याच्यापाशी उरणार काय, तर साहेबांचं गुपित.

चितारी नखशिखांत हिरवा पडला, आणि वेळेवर कामावर गेला.