खमैसची पावलं

ओहोटीच्या पाण्यातून सालहा घरी परतली तेव्हा खमैसचा मोबाइल तिच्या कमरेला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला होता. खमैस स्वतः मात्र अंगणात, अंजिराखालच्या खुर्चीत होता. सकाळी ती बसवून गेली होती तिथेच, तसाच.

समुद्रात ठेवलेल्या मडक्यांतून काढलेले तीन ऑक्टोपस तिने पायरीवर टाकले.

"आज छान चाललास हो," ती नवऱ्याला म्हणाली. "पार तुझ्या मडक्यांपर्यंत. एकही मडकं चुकवलं नाहीस."

पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू नेली होती आणि जिभेवर एकच शब्द ठेवला होता, मासा. पाणी हवं, मासा. ऊन लागतंय, मासा. घरी पाठवताना स्फाक्सच्या इस्पितळाने त्याच्या मोबाइलमध्ये काहीतरी घालून दिलं होतं. माणूस किती चालतो, घरापासून किती लांब जातो, कुठला पाय कसा टाकतो, हे सगळं तो खिशातला मोबाइल तिकडे कळवायचा. पावलं वाढली नाहीत तर बोटीने बेटावर येणारी व्यायामाची बाई बंद होणार होती. ती बाई आली की खमैसची मिटलेली बोटं थोडी उघडायची. तेवढ्यासाठी सालहाने मोबाइल आपल्या कमरेला बांधला होता. पहिले काही दिवस मोजून दोनशे पावलं, मग तीनशे, मग पाण्यापर्यंत. लबाडीच होती ती, पण अल्लासमोर कबूल करायलाही तिला लाज वाटली नसती.

"मासा!" खमैस ओरडला. डाव्या हातातली काठी त्याने तिच्याकडे रोखली, खाली, पायांच्या दिशेने.

"ऑक्टोपस आहेत रे ते. आता डोळेही गेले की काय?"

"मासा! मासा!"

गुरुवारपासून त्याचं हेच चाललं होतं. तिने त्याच्या पायांत चपला घालून पाहिल्या. पाय चोळून दिले. शेवटी खराच मासा भाजून समोर ठेवला, तर त्याने ताट भिरकावलं आणि लहान मुलासारखा रडला. सालहाही त्या दिवशी जेवली नव्हती.

कमरेचा मोबाइल वाजला. इस्पितळातली नर्स, नर्जिस. ती सालहाला खालती म्हणायची, मावशीच्या मायेने, आणि खमैसला अम्म, म्हणजे काका. पण तिचा फोन शनिवारी यायचा, आणि आज मंगळवार होता.

"खालती, अम्म खमैस कुठे आहेत?"

"हा काय, समोर. आत्ताच फिरून आलाय. दमलाय."

"आता त्यांना उठू देऊ नका. अजिबात नाही. महिनाभर इतका सरळ पडत होता पाय, डॉक्टर सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते. गुरुवारपासून उजवा पाय ओढला जातोय. रोज जास्त. आज पाण्यातून येताना तर तो उचललाच नाही त्यांनी. तुम्हाला दिसलं नाही?"

"तुझं यंत्र बिघडलंय, पोरी," सालहा म्हणाली. पकडली गेले की काय, या धाकधुकीने तिचा आवाज जड येत होता.

"यंत्र नाही बिघडलं. दुसरा झटका आहे हा, लहानसा. मोठा यायच्या आत त्यांना इथे आणायला हवं. चारच्या बोटीने रुग्णवाहिका पाठवतेय."

सालहाने खमैसच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय चौरंगावर होते, सकाळी तिने ठेवले होते तसे, कोरडे. मग त्याने काठी रोखली होती तिकडे तिने पाहिलं.

फाटकापासून तिच्यापर्यंत वाळूत डाव्या पायाचे ठसे आले होते, एकामागून एक, स्पष्ट. उजव्याचा ठसा एकही नव्हता. त्याच्या जागी एक लांबलचक ओली रेघ होती. रेघेच्या टोकाला तिचा स्वतःचा पाय होता, अनवाणी. चप्पल मागे फाटकाजवळ पडली होती. ती पायातून कधी निघाली, हे तिला कळलंच नव्हतं.

पाच दिवस हा माणूस बिचारा जिवाच्या आकांताने हेच सांगत होता.

"खालती? ऐकताय ना?"

मोबाइल माझ्या कमरेला होता, ती पावलं माझी आहेत, गाडी माझ्यासाठी पाठव. एवढंच तर सांगायचं होतं. सगळं वाक्य मनात नीट जुळलेलं होतं. तिने तोंड उघडलं.

"मासा," सालहा म्हणाली.

तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच आलं. खुर्चीतल्या खमैसची काठी हळूहळू खाली आली.

मग नर्जिसचा आवाज एकदम मऊ झाला.

"अम्म खमैस, तुम्ही होय? घाबरू नका हं, गाडी निघालीच आहे. जरा खालतीकडे द्या बघू फोन."