लांबचा पल्ला

जमिनीचे पैसे आल्यापासून डोंबिवलीच्या देवेशला विजेवरच्या स्पोर्ट्स कारनं पछाडलं होतं. सव्वा कोटीची गाडी एका चार्जिंगमध्ये साडेचारशे किलोमीटर जायची, पावणेदोन कोटींची सहाशे.

"स्वस्तातली घेतली आणि गोव्याच्या वाटेवर बंद पडली तर?"

"तर ढकलायला मी उतरणार नाही," दर्शना, त्याची बायको, म्हणाली.

गोदाआजी फराळाचा डबा मांडीवर घेऊन ऐकत होती. भाऊबीज उद्यावर आली होती. तिचा भाऊ नाथा खडवलीला, डोंबिवलीहून जेमतेम तीस किलोमीटरवर. एके काळी भाताच्या पेंढ्यावर पोसलेले बैल जुंपून तोच तिला माहेरी न्यायला यायचा. आता गुडघ्यांनी त्याला घरात बसवलं होतं. दोन वर्षं ती नातवाला "मला नेऊन सोड" म्हणत होती, आणि दोन्ही वर्षं तो म्हणाला होता, "आजी, लांब पडतं गं. पुढच्या वर्षी नक्की."

शेवटी देवेशच वैतागला. "आजी, तूच सांग, कुठली घेऊ?"

आजीनं डब्याचं झाकण घट्ट लावलं.



"खडवलीपर्यंत जाईल ती घे, बाला."