चिडीचूप

पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि सगळ्यांना मिळून एकटे बलभीम गुरुजी. त्यात दुसरीतल्या गुलाबनं त्यांच्या डोक्याला नुसता ताप दिला होता.

"विठाबाई, तुमच्या पोरीचं चित्तच ठिकाणावर नाही. घटकाभर बूड टेकत नाही. उठली की चौथीच्या रांगेत, कुणाच्या ना कुणाच्या कानाला लागलेली."

"घरी बी तीच गत हाय, गुरुजी. पायाला भिंगरी हाय मेलीच्या."

"उद्या तपासणीला साहेब यायचेत. उद्यापुरती तिला तुमच्यासंगं खडीच्या कामावर न्या."

दुसऱ्या दिवशी वर्ग असा चिडीचूप, की गुरुजींचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी चौथीला एक तोंडी हिशेब घातला. गुरुजी निर्धास्त होते. रोज पटापट उत्तरं देणारी चौथी होती ती. पण आज एकाचाही हात वर होईना. सगळी पोरं आपली दाराकडं बघत बसलेली.

शेवटी मॉनिटर धीर करून उठला.



"साहेब, तुमी उद्या या. उत्तर आज आईसंगं खडी फोडायला गेलंय."